ओमोटिकची खुर्ची

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसे. दोन पेन्सिली असत आणि एक खोडरबर. तो संपत आला की सर जयनगरच्या एका ठरलेल्या दुकानातून अगदी तसाच दुसरा आणत, आणि वापरण्याआधी टेबलाच्या कडेवर घासून त्याचा एक कोपरा झिजवून घेत. कोऱ्या खोडरबरानं खोडताना माणसाला मजा वाटते, आणि खोडताना मजा वाटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बेंगळुरूला भाषाशास्त्रात एम.ए. करायला आले तेव्हा सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी आठवड्यातून दोनदा ते शिकवायला यायचे. विषय एकच: भाषांची कुळं कशी ठरवतात. त्यातही त्यांचा जीव एका कुळात अडकलेला होता. अरबी, हिब्रू, अरामी, इथिओपियातली अम्हारिक, या झाल्या सेमिटिक भाषा. त्या आणि त्यांचे उत्तर आफ्रिकेत पसरलेले नातेवाईक मिळून जे मोठं कुळ होतं त्याला आफ्रो-आशियाई म्हणतात. सर अरबस्तानात कधी गेले नव्हते. आफ्रिकेतही नाही. म्हैसूरच्या पलीकडे ते दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला.

वर्गात आम्ही सहा जण होतो. शिकवणं इंग्रजीत, मधून मधून कन्नडमध्ये. मी निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल आहेत, आई विड्या वळते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं हे सांगायला घरात कुणी नव्हतं. म्हणून पहिले दोन महिने मी काहीच विचारलं नाही. एक दिवस व्हरांड्यात आईशी फोनवर बोलत होते. सर मागून आले आणि बोलणं संपेपर्यंत उभे राहिले.

"निपाणी?"

"होय सर."

"आम्ही साताऱ्याकडचे," ते मराठीत म्हणाले. "म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडून आलो. परत जायला स्वल्प उशीर झाला."

त्यानंतर तास संपला की मला न कळलेलं सर मराठीत पुन्हा सांगू लागले. त्यांच्या मराठीत थोडं म्हणजे स्वल्प, ठीक म्हणजे सरी, नको म्हणजे बेडा असे कन्नड शब्द सहज येत. वसतिगृहातल्या माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला त्याचं हसू यायचं. सरांना मी ते एकदा सांगून टाकलं. सर म्हणाले, "हसू दे की. तिचं इंग्रजी ऐकून मी हसतो का?"

सरांचं सगळं शिकवणं एका प्रश्नावर उभं होतं. तो मी त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत सांगितला की तो वाकडा होतो.

"समज, चार भाऊ साताऱ्याहून निघाले आणि चार गावांत जाऊन राहिले. चौघांच्या घरी आजही आमटीत गूळ घालतात. यावरून काय कळतं?"

"चौघं एका घरातले आहेत."

"एवढंच. कुणाचं कुणाशी जास्त जवळचं आहे, हे कळत नाही. गूळ आधीपासूनच होता, कुणी टिकवला, एवढंच. आता समज, त्यातल्या दोघांच्या घरी आमटीत भाजलेली मेथी पडायला लागली. साताऱ्यात ती नव्हती. उरलेल्या दोघांकडेही नाही. तर?"

"ते दोघं घर सोडल्यावरही काही दिवस एकत्र राहिले असतील."

"झालं. हाच सगळा विषय. जुनं सांभाळलं यावरून जवळचं नातं ठरत नाही. नवं मिळून केलं असेल, तरच ठरतं."

हा प्रश्न ते वर्गाबाहेरही सोडत नसत. समोरच्या हॉटेलात सांबार गोड लागलं की वाढणाऱ्याला विचारत, "हे जुनं सांभाळलेलं, की नवं केलेलं?" तो म्हणे, "सकाळचं आहे सर." दोन मुलं एकदम उशिरा वर्गात आली की तोच प्रश्न. एकदा विभागप्रमुखांच्या मुलीच्या लग्नात नवरा-नवरी दोघांचीही नाकं सारखी आहेत असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. सरांनी तिथंही विचारलं. त्यानंतर त्या घरातून त्यांना बोलावणं आलं नाही.

सगळे त्यांना अवलिया म्हणत. सरांना ते मान्य नव्हतं. अरबीत वली म्हणजे एक संत, आणि औलिया म्हणजे पुष्कळ संत, असं ते समजावून सांगत. "हे अनेकवचन आहे. मी एकटाच आहे."

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती काकूंच्या निरोपावरून. वसतिगृहाचं जेवण कसं असतं हे सरांनी घरी सांगितलं होतं. बाहेरची खोली लहान होती. एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीला लागून सहा खणांचं लाकडी कपाट. मी खुर्चीकडे वळले तशा काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पोरी, तिथं बसू नको! ओमोटिक आहे."

खुर्चीवर कागदांचा गठ्ठा होता, दोरीनं बांधलेला.

मग कळलं. कपाटाच्या पाच खणांत आफ्रो-आशियाई कुळाच्या पाच शाखा होत्या. सेमिटिक, प्राचीन इजिप्तची भाषा, बर्बर, चाडिक, कुशिटिक. प्रत्येक खणावर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. नैर्ऋत्य इथिओपियात ओमोटिक नावाच्या भाषा आहेत. त्या या कुळाची सहावी शाखा आहेत, की कुशिटिकचाच भाग आहेत, की या कुळातल्याच नाहीत, यावर विद्वानांचं एकमत नाही. सरांचंही स्वतःशी एकमत नव्हतं. निर्णय होईपर्यंत कागद खणात घालायचे नाहीत, असं ठरवून त्यांनी ते खुर्चीवर ठेवले होते. त्याला बारा वर्षं झाली होती.

"पाहुणे आले की कॉटवर बसतात," काकू म्हणाल्या. "जास्त आले तर उभे राहतात. एकदा ह्यांचे साडू आले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. मी म्हटलं, अहो, आफ्रिका जरा उचलून ठेवा. तर म्हणाले, कुठं ठेवू, तेच तर ठरत नाही."

"मग सहावा खण?" मी विचारलं.

सहाव्या खणावर चिठ्ठी नव्हती. सरांनी मला त्याचा इतिहास सांगितला. पूर्वीच्या विद्वानांनी सेमिटिक सोडून या कुळातल्या उरलेल्या सगळ्या भाषा हॅमिटिक नावाच्या एका गटात टाकल्या होत्या. पुढं कळलं की त्या भाषांनी मिळून नवं असं काहीच केलेलं नाही. सेमिटिक नाहीत, एवढंच त्यांच्यात सारखं. म्हणून तो गट मोडला. सरांनीही तो खण रिकामा केला आणि तो कायम रिकामा राहील असं जाहीर केलं.

मी खण ओढला. आत रबरबँड, विजेची जुनी बिलं, एक दाढीचा ब्रश, औषधांच्या चिठ्ठ्या आणि अर्धी मेणबत्ती होती.

"जे कुठं बसत नाही ते मी तिथं टाकते," काकू म्हणाल्या.

सर गंभीरपणे म्हणाले, "हॅमिटिकचा इतका अचूक वापर मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिला नाही."

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी.

सर आम्हाला सगळ्या आकृत्या पेन्सिलीनं काढायला लावत. अपवाद एकच. सेमिटिक भाषांच्या अंतर्गत वंशावळीची जी आकृती होती, ती त्यांनी पेननं काढायला सांगितली. "ही पक्की आहे," ते म्हणाले. ती त्यांच्या गुरूंनी त्यांना फळ्यावर काढून दिलेली होती. तीत अरबी दक्षिणेच्या शाखेत होती, इथिओपियाच्या भाषांच्या शेजारी. कारण असं, की या दोन्हींकडे अनेकवचन करताना शब्दाच्या शेवटी काही जोडण्याऐवजी त्याच्या पोटातले स्वर बदलतात. खबर आणि अखबार, तसंच वली आणि औलिया. हे दोन्हींकडे आहे, म्हणून त्या जवळच्या.

ही आकृती जगानं केव्हाच सोडून दिली होती. नव्या विद्वानांचं म्हणणं असं, की पोटातले स्वर बदलण्याची ही रीत फार जुनी आहे. ती दोघींनी फक्त टिकवली. उलट अरबी, हिब्रू आणि अरामी या तिघींनी क्रियापदाचं एक नवं रूप घडवलं आहे, जे इथिओपियाच्या भाषांत नाही. म्हणून अरबीची जागा मधल्या शाखेत, हिब्रूजवळ. सरांनी हे सगळं वाचलेलं होतं. कित्येक वर्षं वाचत होते. ते घाई करणाऱ्यांतले नव्हते.

फेब्रुवारीत एक दिवस ते वर्गात आले आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. गूळ मोजत बसलो. मेथी माझ्यासमोर होती."

कुणालाच काही कळलं नाही. सरांनी फळ्यावर आकृती काढली, अरबीची रेघ पुसली आणि हिब्रूच्या शेजारी नवी ओढली. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, परीक्षेला कुठली?"

सरांनी खिशातून खोडरबर काढला आणि आमच्या वह्या मागितल्या. सहाही वह्यांत आकृती पेननं होती.

"पेननं कुणी काढायला सांगितलं?"

मग त्यांनाच आठवलं. त्यांनी खोडरबर परत खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते पाठीमागं गोंद लावलेल्या चिठ्ठ्या बाळगू लागले. प्रत्येक चिठ्ठीवर बरोबर आकृती, पेन्सिलीनं, त्यांच्या हाताची. आमच्या सहा वह्यांत त्या चिकटवून झाल्या. आम्हाला वाटलं, संपलं. सरांनी मात्र कपाटाच्या वरून जुन्या हजेरीवह्या काढल्या. एकोणीस बॅच त्यांनी ती आकृती शिकवली होती. एकोणीस बॅचच्या वह्या या शहरात कुठं ना कुठं पडून होत्या आणि त्या सगळ्यांत अरबी चुकीच्या घरात राहत होती.

रविवारी आम्ही निघायचो. मीच का, हे मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "तुला बस फुकट आहे. शिवाय तू फारसं बोलत नाहीस." कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट होती, कंडक्टर मला शून्याचं तिकीट देई. सर ते माझ्याकडून मागून घेत आणि त्याच्या मागच्या बाजूला पुढच्या विद्यार्थ्याचा पत्ता लिहीत.

चिकपेटेत एका ठोक साड्यांच्या दुकानाचे मालक सरांचे जुने विद्यार्थी निघाले. आमच्यासारखेच मराठी, पण पिढ्यान्पिढ्या इथले. गादीवरून उठून ते पुढं आले.

"बन्नी सर, बन्नी, या! किती वर्षांनी! मुलीचं लग्न काढलं का?"

"मुलीचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली. तुमची वही कुठं आहे?"

"कुठली वही सर?"

"दुसऱ्या सत्राची."

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघायला लागले. पण शिक्षक तो शिक्षक. त्यांनी घरी फोन लावला, बायकोला माळ्यावर चढवलं, आणि तासाभरानं एक माणूस वही घेऊन आला. मागच्या पानांवर साड्यांच्या काठांची नक्षी काढलेली होती. पुढं, मध्यावर, ती आकृती. सरांनी गादीवर मांडी घातली. दोन्ही बाजूंना साड्यांचे ढीग. एक बाई मोरपंखी रंगाचं मागत होती आणि सर अरबीवर चिठ्ठी चिकटवत होते.

झाल्यावर मालकांनी हळूच विचारलं, "सर, एक विचारू? अरबी इथून उचलून तिथं ठेवली तर काय होतं?"

"अरबीला काही होत नाही."

"मग?"

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. ते आता तुमच्या घरात नाही."

मालकांनी वाकून नमस्कार केला आणि काकूंसाठी चोळीचा एक खण बांधून दिला. सरांनी हजेरीवहीत त्यांच्या नावापुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

हेब्बाळला एका मोठ्या कंपनीच्या फाटकावर भेटीचं कारण लिहायचं होतं. सरांनी लिहिलं, 'दुरुस्ती'. रखवालदारानं आम्हाला मागच्या फाटकानं सोडलं आणि गळ्यात एसी दुरुस्त करणाऱ्यांचं ओळखपत्र अडकवलं. सरांची जुनी विद्यार्थिनी तिथं मोठ्या हुद्द्यावर होती. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, वही मी परीक्षा झाल्यावर रद्दीत टाकली. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही आठवतही नाही."

मला वाटलं, सरांना वाईट वाटेल. ते एकदम हलके झालेले दिसले. "छान. म्हणजे चुकीचंही आठवत नाही."

तरी त्यांनी तिला एक चिठ्ठी दिली. तिनं ती संगणकाच्या कडेला चिकटवली. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मान लांब करून विचारलं, "मॅडम, नवा ऑर्ग चार्ट? कुणाला हलवलं?"

"अरबीला," ती म्हणाली.

तो मुलगा जरा वेळ काळजीत दिसला.

एवढ्या सगळ्यात एक वही अशी होती, जिथं सरांना चिठ्ठी चिकटवता येत नव्हती. सरांनी फार पूर्वी लिहून दिलेल्या टिपणांवरूनच विद्यापीठानं आदर्श उत्तरं तयार केली होती. पेपर तपासणारे त्यावरून गुण देत. सरांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं म्हणून ते परत आलं. मग त्यांनी सांगितलं आणि मी ते पेननं लिहिलं. उत्तर आलं की हा विषय अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवण्यात येईल. बैठक जुलैत होती. आमची परीक्षा मेमध्ये.

मला इथं माझं थोडं सांगावं लागेल. मागच्या सत्रात माझा प्रथम वर्ग थोडक्यात गेला होता. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा दोन्ही प्रथम वर्गावर अवलंबून होत्या; एकदा चुकला तर चालत असे, दोनदा नाही. या वेळीही गेला असता तर मला निपाणीला परत जावं लागलं असतं. वखारीच्या मालकांना लिहिता-वाचता येणारी मुलगी पाहिजे होती, आणि त्यांनी वडिलांना तसं दोनदा बोलून दाखवलं होतं. वडिलांनी मला ते सांगितलं नाही. आईनं सांगितलं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी बसथांब्यावर मी सरांना विचारलं.

"सर, पेपरात ती आकृती आली तर कुठली काढू?"

सर बस येते त्या दिशेला बघत होते.

"बरोबर कुठली, तुला माहीत आहे?"

"आहे सर."

"तपासणाऱ्याला कुठली बरोबर वाटते, तेही माहीत आहे?"

"तेही आहे."

"मग माझ्याकडं काय मागतेस? सगळं आहे की तुझ्याजवळ."

बस आली. आम्ही चढलो. त्या दिवशी सरांनी माझं तिकीट मागितलं नाही.

आकृती पेपरात आली. चौथा प्रश्न, पंधरा गुण. मी तो शेवटी ठेवला. बाकी सगळं लिहून झाल्यावर वीस मिनिटं उरली. त्यातली बारा मी काहीच केलं नाही. मला चिकपेटेतले ते मालक दिसत होते, गादीवर वाकलेले. मला वखारही दिसत होती. तिथं तंबाखूचा वास कपड्यांत बसतो तो जात नाही. मग मी पट्टी घेतली आणि पेननं जुनी आकृती काढली. अरबी दक्षिणेला. माझ्या हातून इतकी सुबक आकृती पूर्वी कधी निघाली नव्हती.

पंधरापैकी पंधरा मिळाले. प्रथम वर्ग आला. वडिलांनी वखारीत पेढे वाटले आणि त्यातलाच एक डबा माझ्याबरोबर दिला, सरांसाठी.

तो डबा चार दिवस माझ्या खोलीत होता. पाचव्या दिवशी मी जयनगरला सरांच्या घरी गेले. सरांनी एक पेढा खाल्ला, काकूंनी अर्धा. मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आता आठवत नाही. बहुतेक सगळं एका दमात सांगितलं असेल.

सर रागावले नाहीत. त्यांनी हजेरीवही काढली आणि माझ्या नावापुढची बरोबरची खूण खोडली. कोपरा झिजलेल्या खोडरबरानं, हळूहळू.

"ती आकृती आता कुठं आहे?"

"उत्तरपत्रिकेत. विद्यापीठात."

"मग तिथं जायला पाहिजे."

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते. त्यासाठी अर्ज असतो. खिडकीतल्या बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिली, मग मला पाहिलं, मग सरांना.

"प्रथम वर्ग आहे की अम्मा. काय हवंय?"

"चौथ्या प्रश्नात चूक आहे," मी म्हणाले.

"गुण कमी दिलेत?"

"नाही. पूर्ण दिलेत."

"मग चूक कुणाची?"

"माझी," सर म्हणाले.

"पेपर तुमचा?"

"पेपर हिचा."

बाईंनी अर्ज पुढं सरकवला. त्यात कारणं छापलेली होती: गुण कमी मिळाले, बेरीज चुकली, उत्तर तपासायचं राहिलं. यांपैकी एकावर खूण करायची होती. चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले, हे कारण छापलेलं नव्हतं. मागं रांग वाढत होती. बाईंनी स्वतःच 'बेरीज चुकली'वर खूण केली आणि म्हणाल्या, "सरी, जा आता."

झेरॉक्स आली तेव्हा सरांनी ती टेबलावर पसरली. पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्या प्रश्नात एका भाषेच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते पेन्सिलीनं दुरुस्त केलं. मग चौथ्या प्रश्नाशी आले. माझी आकृती, तिच्यावर तपासणाऱ्याची मोठी खूण, बाजूला पंधरा. सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. काकूंनी ओला कापूस पुढं केला, गोंद भिजवायला. सरांनी चिठ्ठी आकृतीवर धरली, पण टेकवली नाही.

"हे जुनं सांभाळलंस," त्यांनी विचारलं, "की नवं केलंस?"

वर्षभर हा प्रश्न मी ऐकत होते. सांबाराबद्दल, नाकांबद्दल, क्रियापदांबद्दल. मला वाटायचं, मला आता तो येतो.

"आकृती जुनीच आहे सर," मी म्हणाले. "पण एकोणीस बॅचनी ती खरी समजून काढली. खोटी आहे हे माहीत असून काढणारी मी पहिलीच. म्हणजे... मला सांगता येत नाही सर."

सर बराच वेळ चिठ्ठी तशीच धरून बसले. कापूस वाळत आला.

"चिठ्ठी चुकीवर लावतात," ते शेवटी म्हणाले. "ही चूक आहे का, हे आधी ठरायला पाहिजे."

ते उठले. दोरीनं बांधलेला ओमोटिकचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, माझी उत्तरपत्रिका खुर्चीवर ठेवली आणि गठ्ठा तिच्यावर परत ठेवला.

"आता हिचंही तिथंच का?" काकू म्हणाल्या.

"निर्णय व्हायचा आहे."

काकूंनी मला कॉफी दिली. हळूच म्हणाल्या, "घाबरू नको पोरी. बारा वर्षांत त्या खुर्चीवरनं कुणी उठलेलं नाही."

जुलैच्या बैठकीत अभ्यासमंडळानं आकृती बदलली. माझ्या मागून आलेली मुलं आता अरबी हिब्रूच्या शेजारी काढतात, त्यांना पंधरापैकी पंधरा मिळतात, आणि त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. मी पुढं पीएच.डी.ला नाव नोंदवलं. सर आणि काकू हेब्बाळला मुलीच्या घराजवळ राहायला गेले. सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला होते. टेम्पोवाल्यानं खुर्ची उचलायला हात घातला तसे सर पुढं झाले. गठ्ठा मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले. खुर्ची मागं उलटी, पाय वर करून आली. नव्या घरात ती खिडकीशी ठेवली आणि त्यावर गठ्ठा ठेवला. खालून माझ्या उत्तरपत्रिकेचा कोपरा दिसत होता. मी गेले की त्या कोपऱ्याकडे एकदा बघत असे. सर मला बघताना बघत.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा गठ्ठा खुर्चीवर नव्हता. कपाटाच्या सहाव्या खणावर पेन्सिलीनं लिहिलेली नवी चिठ्ठी होती, 'ओमोटिक'. काकूंचे रबरबँड आणि बिलं फ्रिजवर एका डब्यात गेली होती. खुर्चीवर एकटी माझी उत्तरपत्रिका होती. कडा पिवळट झाल्या होत्या.

"सर, ओमोटिकचं ठरलं?"

"ठरलं. स्वतंत्र शाखा." ते म्हणाले. "पेन्सिलीनं लिहिलंय."

मी कॉटच्या कडेला बसले. काकूंनी कॉफी आणली. मी दोन घोट घेतले आणि विचारायचं नाही असं कितीदा ठरवलेलं असूनही विचारलं.

"आणि हिचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खुर्चीकडे पाहिलं.

"ओमोटिक सोपं होतं," ते म्हणाले.